नळदुर्ग : एका किल्ल्याची तीन बांधकामे



सोलापूरच्या परिसरातील एखाद्या ऐतिहासिक वास्तूविषयी बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले तेव्हा प्रथम आपला भुईकोट किल्लाच माझ्या डोळ्यांपुढे आला. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठचा तो कोट आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु त्याचा इतिहास चाळू लागलो आणि दर चार पानांआड दुसऱ्याच एका किल्ल्याचे नाव भेटू लागले. तो किल्ला म्हणजे नळदुर्ग. हैदराबादच्या रस्त्याने निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरांवर, बोरी नदीच्या काठी तो उभा आहे. आज तो धाराशिव जिल्ह्यात मोडतो, म्हणून सोलापूरकर त्याला परका समजतात. वस्तुतः सोलापूरच्या किल्ल्याशी त्याचे नाते फार जवळचे आहे. एकाच्या भांडणातून दुसरा उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल. म्हणून आज आपणांस वेशीबाहेर नेण्याचे मी ठरविले आहे.

सोलापूरचा किल्ला लग्नात आंदण म्हणून बोलला जाण्याचा प्रसंग इतिहासात दोनदा आला आहे. सन १५२४ मध्ये विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापुरास भेट झाली आणि आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचा विवाह निजामशहाशी लागला. आंदणात सोलापूरचा किल्ला व त्याखालचे परगणे द्यावयाचे ठरले होते. वधू अहमदनगरास गेली. किल्ला मात्र विजापूरकरांनी हातचा सोडला नाही. या न दिलेल्या आंदणावरून पुढे जी युद्धे पेटली, ती पुरी एक पिढी चालली. अखेर १५५२ च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन बुऱ्हाणने सोलापूर जिंकले. त्यानंतर दहाबारा वर्षांनी, तालिकोटच्या लढाईआधी दक्षिणेतल्या शाह्यांचा समेट झाला, तेव्हा निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर विजापूरकडे परत आले. म्हणजे पहिल्या लग्नात जो किल्ला द्यावयाचा राहिला होता, तो दुसऱ्या लग्नात उलट दिशेने गेला.

या दोन लग्नांच्या मधल्या काळात, सोलापूर अहमदनगरकरांच्या ताब्यात असताना, नळदुर्गाच्या कड्यावर नवा दगडी कोट चढू लागला. ही गोष्ट योगायोगाची नव्हे असे मला वाटते. विजापूरपासून सोलापूर अवघे शंभर किलोमीटर. ते शत्रूच्या हाती गेले, म्हणजे घराचा उत्तरेकडचा दरवाजाच शेजाऱ्याच्या ताब्यात गेला. अशा वेळी दूरदर्शी मालक काय करतो? दरवाजा परत मिळेपर्यंत आतल्या बाजूस दुसरी भिंत घालतो. सन १५५८ मध्ये अली आदिलशहा गादीवर आला आणि त्याच सुमारास नळदुर्गाच्या पुनर्बांधणीस हात घातला गेला. या नव्या किल्ल्याला ‘शहादुर्ग’ असे नावही मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र जुने नळदुर्ग हेच राहिले.

‘पुनर्बांधणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नळदुर्ग हा एका राजाने एका वेळी बांधलेला किल्ला नाही. तो निदान तीनदा बांधला गेला आहे. प्रत्येक वेळी बांधणाऱ्याची अडचण निराळी होती आणि त्या अडचणीप्रमाणे बांधकामाचे रूप निराळे झाले. पहिल्याला लुटारू स्वाऱ्यांचे भय होते, त्याने मातीचा कोट घातला. दुसऱ्याला तोफांचे भय होते, त्याने दगड रचला. तिसऱ्याला पाणी हवे होते, त्याने नदी अडविली. ही तीन बांधकामे एकावर एक आणि एकाशेजारी एक अजून पाहावयास मिळतात. ती वेगवेगळी ओळखता आली, म्हणजे किल्ला कळला. आणि ज्यांच्यावर आज त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी आहे, त्यांना तर ती ओळखता आलीच पाहिजेत.

प्रथम जागा पाहू. बोरी ही भीमेची एक लहानशी उपनदी. बालाघाटाच्या पठारावरून उतरताना तिने नळदुर्गापाशी काळ्या बसाल्ट खडकात खोल घळ कोरली आहे. या घळीत पठाराचा एक सुळका जिभेसारखा पुढे आला आहे. त्याच्या कडा ताठ तुटलेल्या आहेत. काही ठिकाणी तर खडकाचे उभे खांब, कोणी घडवून रचावेत तसे दिसतात. नदीने एवढे काम आधीच करून ठेवले होते. एकाच बाजूस, पश्चिमेकडे, हा सुळका सपाट जमिनीने पठाराला जोडलेला आहे. किल्ला बांधणाऱ्याने तेवढी बाजू सांभाळली म्हणजे पुरे.

ही जागा कल्याणीपासून साठपासष्ट किलोमीटरांवर आहे. चालुक्यांच्या वैभवकाळी येथे त्यांचा कोणी मांडलिक राहत असावा आणि त्याने मातीचा कोट घातला असावा, असे जुन्या गॅझेटियरकारांचे मत आहे. लोककथा याहून मागे जाते. ती सांगते की हा किल्ला नळराजाचा. दमयंती खंडोबाची भक्त होती आणि तिच्या भक्तीसाठी देव येथे आला. इतिहासाच्या तराजूत या कथेला वजन नाही हे उघड आहे. पण ती निरर्थकही नाही. नळदुर्गाच्या आणि जवळच्या अणदूर गावच्या लोकांनी खंडोबाची एकच मूर्ती वाटून घेतली आहे. वर्षातला बहुतेक काळ देव अणदुरास असतो आणि थोडे दिवस नळदुर्गाच्या मैलारपुरात येऊन राहतो. पौष पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. सोलापूरच्या बाजारपेठेत ज्यांचे वाडवडील व्यापार करीत, त्यांतील कित्येकांच्या घरी या यात्रेच्या आठवणी निघतात. राजे बदलले, राजधान्या बदलल्या. या दोन गावांचा करार टिकला. किल्ला आदिलशहांचा, मोगलांचा की निजामाचा, याची त्या करारास कधी अडचण झाली नाही.

मातीचा कोट हा काही कमी प्रतीचा कोट नव्हे. जाड मातीत गोळा रुतून बसतो, भिंत तडकत नाही. परंतु आपल्या भागातला पाऊस, कमी असला तरी, येतो तेव्हा झोडपून येतो आणि मातीला दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागते. शिवाय जड तोफ मातीच्या बुरुजावर चढवून ठेवता येत नाही. चौदाव्या शतकात बहमनी राज्य आले आणि दगडी कामास त्यांच्याच वेळी प्रारंभ झाला असे मानतात. तथापि आज जो कोट आपण पाहतो, त्याची ताकद आणि त्याचे रूप आदिलशाहीतले आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर दख्खनमधल्या युद्धाची रीत पार बदलली होती. सन १५४९ मध्ये अहमदनगरास मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते असे सांगतात. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तेथून विजापुरास नेण्यात आली. असली अवजारे ज्यांच्या पदरी आहेत, त्यांच्या सरहद्दीवर मातीच्या भिंतीमागे निश्चिंत झोपणे शक्य नव्हते. अलीच्या कारकिर्दीत विजापूर शहराभोवतीचा प्रचंड कोटही पुरा झाला, तो १५६५ साली. नळदुर्गाचे काम हा त्याच विचाराचा भाग आहे.

आता कारागिरांनी काय केले ते पाहा. कड्याच्या बाजूस त्यांनी फार खटाटोप केला नाही. कड्याच्या अगदी काठावरून तट फिरविला आणि मधूनमधून घडीव चिऱ्यांचे बुरूज उभे केले. खडक कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे खालून पाहताना लवकर उमगत नाही. सारा जोर पश्चिमेवर दिला. तेथे खोल व रुंद खंदक खणला, त्याच्या आत एक तट, त्यामागे त्याहून उंच दुसरा तट, आणि तोफा पेलतील असे थोरले बुरूज. दरवाजा समोर येत नाही. वाट दोन तटांमधून वळणे घेत जाते. ज्याला आत यावयाचे आहे, त्याने प्रत्येक वळणावर आपली कूस वरच्या जंग्यांसमोर उघडी करावी अशी ही योजना आहे. हत्तीला धाव घेण्यास जागा नाही, ओंडक्याने दार फोडण्यास पल्ला नाही. साऱ्या तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर असून बुरूज शंभरावर आहेत. महाराष्ट्रातील भुईकोट किल्ल्यांत एवढा विस्तार क्वचितच आढळतो.

यांतले दोन बुरूज सवडीने पाहण्यासारखे आहेत. एक नवबुरूज. हा एकसंध गोल नाही. एखाद्या फुलाच्या पाकळ्या जवळजवळ याव्यात तशा नऊ फुगीर बाजू याला दिल्या आहेत. हे शोभेसाठी केले असेल असे पाहणाऱ्यास वाटते. शोभा आहेच, पण त्यात हिशेबही आहे. साध्या गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू एकदा चिकटला, की वरून मारा करणे कठीण जाते. पाकळ्यांच्या बुरुजात एका पाकळीवरचा शिपाई शेजारच्या पाकळीच्या पायथ्यावर नेम धरू शकतो.

दुसरा उपळ्या बुरूज. हा तटात नाही. किल्ल्याच्या आत, उंच जागी एकटाच उभा आहे. बाहेरच्या अंगाने पायऱ्या चढत जातात आणि माथ्यावर लांब पल्ल्याच्या तोफा ठेवलेल्या आहेत. विजापूर पाहिलेल्यांना तेथला उपली बुरूज चटकन आठवेल. तो १५८४ च्या सुमाराचा. नाव तेच, कल्पना तीच, कामही तेच : दूरवर टेहळणी करणे आणि तटापलीकडचा प्रदेश तोफेच्या माऱ्याखाली ठेवणे. माथ्यावर वारा माणसाला उभे राहू देत नाही. स्वच्छ दिवशी तेथून दिसणारी पठाराची सपाटी पाहिली, की या जागेवर कोणाची नजर चुकवून फौज आणणे किती अवघड होते ते कळते.

या बांधकामाची परीक्षा लवकरच झाली. सन १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर त्याचा लहान पुतण्या इब्राहिम बसला आणि कारभाराचा भार चांदबिबीवर येऊन पडला. दरबारात सरदारांची भांडणे माजली. मूल राजा आणि विधवा राणी अशी संधी शेजारी थोडीच सोडणार? अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या फौजा एकत्र येऊन नळदुर्गावर आदळल्या. दरबार दुभंगलेला, मदतीची आशा थोडी. तरीही किल्लेदार आणि शिबंदी यांनी दाद दिली नाही. नळदुर्ग पडला नाही. अलीने बांधलेला कोट त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पुतण्याच्या आणि बायकोच्या कामी आला. जिच्या लग्नाने सोलापूर विजापुरास परत मिळाले होते, तिच्याच संकटकाळात सोलापूरच्या पाठीमागचा हा किल्ला उभा राहिला.

हाच पोर राजा पुढे इब्राहिम आदिलशहा दुसरा म्हणून नावारूपास आला. संगीताचा वेडा, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा, दख्खनी बोलीवर प्रेम करणारा. नळदुर्गाचे तिसरे बांधकाम त्याच्या कारकिर्दीतले आहे आणि त्या बांधकामामुळेच नळदुर्गाचे नाव देशभर झाले.

तट कितीही भक्कम असला, तरी वेढ्यात किल्ला बहुधा तहानेने पडतो. नदी खाली, माणसे वर. उन्हाळ्यात बोरीचे पात्र म्हणजे दगडगोटे आणि थोडी डबकी. शत्रूने घळीत उतरून तीही ताब्यात घेतली म्हणजे संपले. सुळक्याच्या समोर, घळीपलीकडे, दुसरी एक टेकडी आहे. तिच्यावर शत्रूने तोफा चढविल्या तर किल्ल्याचा जीव धोक्यात. म्हणून तेथे रणमंडळ नावाचा धाकटा किल्ला बांधला. आता दोन किल्ले झाले आणि मध्ये घळ राहिली. त्या घळीत आडवी भिंत घालून एका दगडात अनेक कामे साधली. नदीचे पाणी अडून किल्ल्याच्या पायथ्याशी तळे झाले. त्या तळ्याने कड्याखाली खंदकाचे काम केले. शिबंदीला बारमाही पाणी मिळाले. आणि भिंतीच्या माथ्यावरून किल्ल्यातून रणमंडळात जाण्यास पूल झाला.

हा बंधारा साठ फुटांहून अधिक उंच आणि पाचशे फुटांहून अधिक लांब आहे. जुन्या गॅझेटियरांत त्याचे श्रेय अली आदिलशहाला दिलेले आढळते व काळ १५६२ च्या आसपासचा सांगितलेला असतो. परंतु बंधाऱ्यातल्या फार्सी शिलालेखात इब्राहिमच्या कारकिर्दीतला १६१३ चा काळ आणि बांधणारा म्हणून मीर महंमद इमादीन याचे नाव आहे. अलीच्या वेळी येथे काही लहान बांध असेल आणि इब्राहिमने तो थोरला केला असेल, हे अशक्य नाही. पण आज जी वास्तू उभी आहे, तिच्याविषयी तिच्याच अंगावरचा लेख प्रमाण मानला पाहिजे. दोनशे-अडीचशे वर्षांनी कानोकानी ऐकून लिहिलेल्या मजकुरापेक्षा दगड अधिक विश्वासू साक्षीदार आहे.

बंधारा बांधून थांबला असता, तरी तो उपयुक्त ठरला असता. पण राजा रसिक होता आणि कारागीर धाडसी होता. त्यांनी बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. माथ्यावरून पायऱ्या उतरून भिंतीच्या आत जावे लागते. तेथे दालने आहेत, कमानी आहेत आणि खालच्या अंगाला उघडणारा सज्जा आहे. पावसाळ्यात तळे भरले, की माथ्यावर कोरलेल्या सांडव्यांतून पाणी सज्ज्यासमोर कोसळते. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून नदी जाते, समोर पाण्याचा पडदा असतो, तुषार अंगावर येतात आणि पायाखालची फरशी कोरडी असते. दोन प्रमुख धारांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. हाच तो पाणीमहाल.

बांधकामाच्या दृष्टीने यात धाडस कोणते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. नदी अडविणारी दगडी भिंत ही आपल्या वजनानेच पाण्याला तोलून धरते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, म्हणून पाया रुंद आणि भिंत भरीव ठेवणे हा साधा नियम. जितकी पोकळी ठेवाल तितके वजन घटेल, आणि वजन घटले की धोका वाढेल. शिवाय पोकळीत पाझर फुटला तर तो आतून भिंत खाऊ लागतो. येथे कारागिराने अशा भिंतीत राहण्याजोगी दालने ठेवली आणि तरीही चार शतकांचे पूर तिने पेलले. आज आपल्याजवळ गणिताची साधने आहेत. त्या काळी दगडाची ओळख, चुन्याची पारख आणि नदीचा अनुभव एवढेच भांडवल होते. शिलालेखात मीर महंमद इमादीनचे नाव आले हे योग्यच झाले. पण घळीत उतरून चिरे घडविणारे पाथरवट, दगड ओढणारे वडार आणि चुन्याची घाणी फिरविणारे बैल यांच्याशिवाय त्याचे नावही तेथे आले नसते, हे पाहणाऱ्याने मनात ठेवावे.

यापुढची कथा भरभर सांगतो. सन १६८६ मध्ये विजापूर पडले आणि आदिलशाहीबरोबर नळदुर्गही मोगलांचा झाला. पुढे तो निजामाकडे गेला. सन १७५७ च्या अखेरीस सिंदखेडच्या लढाईनंतर जो तह झाला, त्यात निजामाने पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गाचा किल्ला मराठ्यांना देण्याचे कबूल केले. सबंध तहात नाव घेऊन मागितलेला किल्ला हा एक. यावरून पेशव्यांच्या मुत्सद्द्यांच्या लेखी त्याचे मोल काय होते ते कळते. सन १८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांनी घेतले. आता सोलापूर इंग्रजांचे आणि नळदुर्ग निजामाचा, अशी सरहद्द मधून गेली.

सन १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही घेतला आणि त्याचा कारभार पाहण्यास कर्नल मेडोज टेलर आला. ठगांवरील त्याची कादंबरी आपणांपैकी कित्येकांनी वाचली असेल. त्याने नळदुर्गाच्या किल्ल्यातच घर केले आणि चारएक वर्षे तेथून जिल्हा चालविला. जमिनीची मोजणी केली, रस्ते केले, आणि संध्याकाळी त्या कड्यावरून बोरीकडे पाहत बसला. त्याच्या आत्मवृत्तात या किल्ल्याचे वर्णन आले आहे. चांदबिबीवरची त्याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या मुळाशी नळदुर्गातले हे दिवस आहेत. सन १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास हलले, कचेऱ्या गेल्या, वर्दळ गेली आणि किल्ला एकाकी पडला.

एकदा मात्र तो पुन्हा जागा झाला. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाईस सुरुवात झाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालची मुख्य फौज आपल्या सोलापुरातूनच निघाली होती. हैदराबादच्या वाटेवर पहिला अडथळा म्हणजे नळदुर्ग. तेथे निजामाची पलटण बसली होती आणि बोरीवरचा पूल उडविला गेला असता तर साऱ्या फौजेचा खोळंबा झाला असता. भारतीय सैनिकांनी वेग केला, पूल शाबूत ताब्यात घेतला आणि शीख पलटणीने नळदुर्ग घेतला. त्या दिवशीच्या लढाईत हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. पुढे अशोकचक्राचा पहिला मान ज्यांना मिळाला, त्यांत त्यांचे नाव आहे. पाच दिवसांत संस्थानचा प्रश्न सुटला. गंमत पाहा : चारशे वर्षांपूर्वी सोलापूरकडून येणारी फौज अडविण्यासाठी जो किल्ला बांधला, त्याला शेवटची लढाईदेखील सोलापूरकडून येणाऱ्या फौजेशीच द्यावी लागली. मात्र या वेळी तो पडला म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी आनंद केला. सरहद्द पुसली गेली.

आता राहिला आपल्या काळाचा प्रश्न. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राज्य शासनाच्या एका योजनेखाली किल्ल्याची साफसफाई झाली, वाटा बांधल्या गेल्या, बागा लागल्या. पूर्वी जेथे काटेरी झुडपांतून वाट काढावी लागे, तेथे आता लहान मुले घेऊन कुटुंबे जातात. याचा मला आनंद आहे. वरच्या अंगाला झालेले बोरी धरण भरून वाहू लागले, म्हणजे नर आणि मादी कोसळू लागतात, आणि श्रावण-भाद्रपदात त्या दिवसांची बातमी सोलापुरात पोचली की माणसांची रीघ लागते.

पण एका पावसाळ्यात मी तेथे गेलो असताना जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. तटाच्या एका भागाची डागडुजी झाली होती. सांधे सिमेंटने लिंपले होते. सोबत एक वृद्ध गवंडी होते. आमच्या घराच्या कामावर पूर्वी येत, म्हणून मी त्यांना बरोबर नेले होते. त्यांनी सांध्यावरून बोट फिरविले आणि म्हणाले, “गुरुजी, दगड ओला आहे, पण हा सांधा कोरडा आहे. आतलं पाणी कुठनं बाहेर पडायचं?” मी पाहिले तर खरेच, सांध्याशेजारी चिऱ्यांचे पापुद्रे सुटू लागले होते. चुना श्वास घेतो. भिंतीत मुरलेले पाणी तो हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट वाट बंद करते आणि मग पाणी दगडातून वाट काढते. वरून दुरुस्ती भक्कम दिसते आणि आतून चिरा सुटत जातो.

हे काही कोणावर दोषारोप करण्यासाठी मी सांगत नाही. हेतू चांगलाच होता. पण ज्या किल्ल्याची तीन बांधकामे आपण आज पाहिली, त्यांतल्या प्रत्येक बांधणाऱ्याने आपल्या आधीचे काम ओळखले होते. अलीने जुन्या कोटाची जागा आणि त्याचा कडा राखला. इब्राहिमने अलीचा तट मोडला नाही, त्याला नदीची जोड दिली. निजामाच्या अंमलदारांनी आणि टेलरने आतल्या इमारती आपल्या सोयीस वापरल्या, पण बाहेरचा साज बदलला नाही. चौथी दुरुस्ती आपल्या वाट्याला आली आहे. आपल्याला लुटारूंचे भय नाही, तोफांचे नाही, आणि शिबंदीसाठी पाणी साठविण्याचीही गरज नाही. मग आपली अडचण कोणती? पुढल्या पिढीला हा किल्ला वाचता यावा, ही. ती ध्यानात घेतली, तर कामाची रीत आपोआप ठरते. जेथे चुना आहे तेथे चुनाच वापरावा. तटाच्या भेगांत वडापिंपळाची मुळे शिरतात, ती लहान असतानाच काढावीत. ढासळलेला चिरा हरवू न देता त्याच्या जागी बसवावा. नवे काम केले तर ते नवे म्हणून ओळखू यावे. तळ्यातला गाळ काढताना बंधाऱ्याच्या पायाला धक्का लागणार नाही याची आधी पाहणी करावी. यांतली एकही गोष्ट फार खर्चाची नाही. फक्त जाणत्या देखरेखीची आहे.

आणि पाहणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. सज्ज्याच्या कमानींवर कोळशाने आणि खिळ्याने लिहिलेली नावे मी मोजू लागलो आणि मोजता मोजता थांबलो. इमादीनचे नाव तेथे लिहिले गेले, कारण त्याने ती भिंत उभी केली. आपण काय उभे केले म्हणून आपले नाव तेथे लिहावे? चार घटका आत बसावे, पाण्याचा आवाज ऐकावा, ओल्या पायऱ्यांवर जपून चालावे आणि परत यावे.

सोलापूर कोरड्या मुलखातले गाव. आपल्या पूर्वजांनी सिद्धेश्वराचे तळे केले, गावोगावी विहिरी खणल्या, पाण्याचा थेंब जपला. त्याच कोरड्या मुलखात, आपल्यापासून दीड तासाच्या वाटेवर, कोणी एके काळी एक ओढ्यासारखी नदी अडवून तिच्यातून किल्ल्याला पाणी दिले, शत्रूला खंदक दिला आणि राजाला गाणे ऐकण्यासाठी जागा दिली. आंदणाच्या भांडणाने सुरू झालेल्या गोष्टीचा शेवट असा व्हावा, हे आपले भाग्य. पुढच्या पावसाळ्यात आपण सर्वांनी मुलांना घेऊन तेथे जावे. आधी पश्चिमेचा तट दाखवावा, मग उपळ्या बुरूज, आणि शेवटी पाणीमहाल. हे तीन कोणी कोणी आणि कशासाठी बांधले, एवढे मुलांना वाटेत सांगितले, तर माझ्या आजच्या बोलण्याचे चीज झाले असे मी समजेन.